कार्टून अर्धवट पाहिले होते, ते अर्धवटच दाखवा

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय २६, बालपण शिरपूर तालुक्यातल्या एका खेड्यात गेले, आता धुळ्यात नोकरी सांभाळून रात्री व्हिडिओ करता आणि गेल्या दीड वर्षात लहानपणीच्या कार्टून व अ‍ॅनिमे (जपानी कार्टून) मालिकांवर ४० व्हिडिओ टाकले आहेत. एडिटिंग करताना तुमचा स्वतःचा गळा दाटून येतो, पण निम्म्याहून अधिक प्रेक्षक पहिल्या ३० सेकंदांतच निघून जातात. दोन व्हिडिओंवर कॉपीराइटचे दावे आले. मराठीत बोलावे, हिंदीत की अहिराणीत, हेही ठरत नाही. आणि शेवटी तुम्ही विचारले आहे की आता विषयच बदलावा का.

विषय बदलू नका, हे आधी सांगून टाकतो. मी पारोळ्याजवळचा, वय ४१. लग्नाच्या शूटिंगपासून सुरुवात केली आणि गेली बारा वर्षे खानदेशातले सण, यात्रा आणि लहानपण यांवर व्हिडिओ करतो. त्यांतले बरेचसे आपल्या पिढ्यांच्या टीव्हीविषयी आहेत. तुमचे पाच व्हिडिओ मी पूर्ण पाहिले, त्यांतले दोन पुन्हा पाहिले. आवाज स्वच्छ आहे, मांडणी नेटकी आहे, माहिती बहुतेक ठिकाणी बरोबर आहे. तरीही ते मनाला लागत नाहीत, आणि त्याचे कारण मला एकच दिसते: तुम्ही आम्हाला मालिका दाखवता, पण ती आपल्या वाट्याला कशी आली आणि कुठे तुटली, ते दाखवत नाही. लोकांच्या आठवणीत राहिलेले आहे ते हे तुटलेपण.

तुमचा डोरेमॉनवरचा व्हिडिओ घ्या. त्यात कडेपर्यंत धारदार, लख्ख दृश्ये आहेत. आता २००८ सालचे तुमचे गाव आठवा. व्होल्टेज कमी झाले की टीव्हीचे चित्र चारी बाजूंनी आकसून मध्यभागी यायचे आणि कडेला काळी पट्टी दिसायची. स्टॅबिलायझर टक् करून पडला की तेही जायचे. खेड्यात तेव्हा भारनियमन दहा-दहा, बारा-बारा तासांचे होते आणि त्याचे वेळापत्रक बदलले की कोणते कार्टून आपल्या वाट्याला येणार हेही बदलायचे. ज्या महिन्यात संध्याकाळी लाइट असायची त्या महिन्यात मुले एका मालिकेची भक्त आणि पुढच्या महिन्यात दुसरीची. केबलचे बिल थकले की पंधरा दिवस सगळेच बंद. पुष्कळ घरांत तर केबल नव्हतीच. २००४ च्या अखेरीस सुरू झालेल्या दूरदर्शनच्या डीडी डायरेक्ट प्लस सेवेची छत्री (डिश) होती, आणि त्या फुकटच्या छत्रीवर कार्टून नेटवर्क किंवा हंगामा या वाहिन्या दिसत नव्हत्या. ती मुले मामाच्या गावी गेल्यावर जेवढे मिळेल तेवढे पाहून परत यायची आणि उरलेली गोष्ट शाळेत दुसऱ्यांकडून ऐकायची.

आपल्याकडच्या बहुतेकांनी कोणतीही मालिका पहिल्या भागापासून शेवटपर्यंत पाहिलेली नाही, असे मी म्हणतो ते यामुळे. पोकेमॉन जपानमध्ये १९९७ मध्ये सुरू झाली आणि आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर २००३ मध्ये आली. माझ्या एका भाच्याने ती दहावीच्या वर्षी घरच्यांच्या आदेशाने सोडली. अ‍ॅश या नायकाला तोवर एकही मोठी लीग, म्हणजे पोकेमॉनच्या लढतींची स्पर्धा, जिंकता आली नव्हती. ऑरेंज बेटांवरचा करंडक बाजूला ठेवला, तर त्याने पहिली लीग जिंकली ती २०१९ मध्ये, म्हणजे मालिका सुरू झाल्यावर २२ वर्षांनी. भाचा तेव्हा पुण्यात कंपनीत होता. ती बातमी त्याला मोबाइलवर कळली आणि त्याने मला रात्री अकरा वाजता फोन करून सांगितले, ‘मामा, जिंकला तो.’ कोण जिंकला हे त्याला सांगावे लागले नाही. ती दहावीपासून उघडी राहिलेली जागा होती. तुमचे व्हिडिओ नेमकी हीच जागा प्रेक्षकाला न विचारता भरून टाकतात: अर्धवट पाहिलेली गोष्ट पूर्ण, स्वच्छ आणि क्रमवार लावून त्याच्या हातात ठेवतात. तो ‘हो, हे होते खरे’ म्हणतो आणि पुढे निघून जातो.

हे सगळ्यांना सरसकट लागू नाही, हे मान्य करायला हवे. प्रेक्षक नेमकी माहिती शोधत आला असेल, म्हणजे कोणती मालिका कधी सुरू झाली, कोणत्या क्रमाने पाहावी, तर त्याला यादीच द्यावी आणि ती थोडक्यात द्यावी. शिवाय गाव आणि जन्मसाल यांवरही पुष्कळ अवलंबून आहे. माझ्या वयाच्या लोकांची आठवण दूरदर्शनच्या रविवार सकाळची आहे. तुमच्या वयाच्यांची कार्टून नेटवर्क, पोगो आणि हंगामाची आहे. पोगो आणि हंगामा दोन्ही २००४ मध्येच सुरू झाले. तुमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान असलेल्यांना २००८ मध्ये आलेला छोटा भीम जवळचा वाटतो. त्यातही भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला मुलगा आणि तापीच्या पलीकडच्या खेड्यातला मुलगा एकाच वर्षी जन्मले असले तरी त्यांच्या टीव्हीचे वय वेगळे असते. म्हणून व्हिडिओ करण्यापूर्वी ‘मी कोणत्या सालातल्या, कोणत्या घरातल्या मुलाशी बोलतो आहे’ हे एका ओळीत लिहून ठेवावे. ‘नव्वदच्या दशकातल्या मुलांसाठी’ एवढे लिहून भागत नाही.

आता माझी पद्धत सांगतो. विषय ठरला की मी इंटरनेट उघडण्यापूर्वी वही उघडतो आणि आठवते ते सगळे लिहितो: खोली, वेळ, शेजारी कोण बसले होते, टीव्ही कुणी बंद केला. हा क्रम मी मोडत नाही, कारण एकदा मूळ दृश्य मोबाइलवर पाहिले की ते लख्ख दृश्य आपल्या आठवणीवर बसते आणि खालचे मग हाती लागत नाही. वही झाली की ती घेऊन घरातल्या दुसऱ्या माणसाकडे जातो, शक्यतो मोठ्या भावंडाकडे, आणि वाचून दाखवतो. आठवण चुकलेली निघते, हे जवळपास ठरलेले आहे. ती चूक निघाली की मला व्हिडिओ मिळतो.

एक उदाहरण देतो. दूरदर्शनवर १९९३ मध्ये मोगलीची ‘जंगल बुक’ सुरू झाली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वहीत मी लिहिले होते: आमच्या घरातला शटरचा टीव्ही, आई चुलीपाशी भाकरी थापते आहे, मी समोर मांडी घालून बसलो आहे. हे ताईला वाचून दाखवले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘भाऊ, आपला टीव्ही ते पंच्याण्णव मा उना. तू समोरना घरनी खिडकीना गज धरीसन उभा राहे.’ मग तिने सांगितले की मी घरी परत यायचो तेव्हा माझ्या कपाळावर गजांच्या गंजाचे दोन तांबूस पट्टे उमटलेले असायचे आणि आई पदराने ते पुसायची. मला यातले काहीच आठवत नव्हते. दोन वर्षे खिडकीतून पाहिलेली मालिका माझ्या मनाने उचलून आमच्याच घरात आणून ठेवली होती.

मी त्या गल्लीत गेलो. घर बदलले आहे, पण खिडकी तीच आहे. घरमालकांची परवानगी घेतली आणि कॅमेरा नऊ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण चार फुटांवर, गजांना अगदी चिकटवून लावला. पुढचे गज अंधूक आणि आतली खोली स्पष्ट, असा तो एकच शॉट ४० सेकंद ठेवला. वर ताईचा आवाज. त्या अकरा मिनिटांच्या व्हिडिओत मालिकेचे एकही दृश्य नाही. लोकांनी मात्र आपापली जागा लिहून पाठवली: कुणी उंबऱ्यावर बसायचे, कुणी ओट्यावरून पाहायचे, एका ताईंनी लिहिले की त्यांना पाहता यायचे नाही, नुसता आवाज यायचा आणि त्या भांडी घासता घासता ऐकायच्या.

माहितीही त्या व्हिडिओत होती, पण तिची जागा मी बदलली. पूर्वी मी तुमच्यासारखाच सुरुवातीला माहिती द्यायचो. आता नियम असा ठेवला आहे की त्या वयात मुलाला जो प्रश्न पडला होता त्याचे उत्तर म्हणूनच माहिती सांगायची. शेरखान बोलला की अंगावर काटा का यायचा? हिंदीत तो आवाज नाना पाटेकरांचा होता. शीर्षकगीत शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ कसे झाले? ते गुलजारांनी लिहिले होते आणि विशाल भारद्वाजांनी त्याला चाल दिली होती. मोगलीचे डोळे आपल्या चित्रकथांतल्या मुलांसारखे का नव्हते? ती मुळात जपानची मालिका होती. निप्पॉन अ‍ॅनिमेशनने ती बनवली आणि तिथे १९८९ मध्ये ती सुरू झाली. आपण अ‍ॅनिमे पाहतो आहोत हे आपल्याला ठाऊक नव्हते, अ‍ॅनिमे हा शब्दच कानावर आला नव्हता. खिडकी दाखवून झाल्यावर ही माहिती सांगितली की लोक ती ऐकतात. खिडकीच्या आधी सांगितली की उठून जातात.

याच कारणाने आवाजांच्या बाबतीत विशेष काळजी घ्या. तुमच्या पोकेमॉनवरच्या व्हिडिओत तुम्ही ‘हा आवाज आठवतो का’ असे म्हणून जो हिंदी आवाज लावला आहे, तो तुमच्या लहानपणचा नाही. कार्टून नेटवर्कवर लागायचा तो हिंदी डब वेगळा आणि पुढे २०१४ नंतर हंगामावर आला तो नव्याने केलेला डब वेगळा. कलाकार बदलले, बोलण्याची धाटणीही बदलली. चित्र तेच असल्यामुळे तुमच्या लक्षात आले नाही, पण प्रेक्षकाच्या कानाला लगेच कळते आणि त्या क्षणी त्याचा तुमच्यावरचा विश्वास जातो. शिन-चॅनच्या बाबतीतही हेच. २००६ मध्ये ती हंगामावर आली, २००८ मध्ये तिच्यावर बंदी आली आणि नंतर ती काटछाट होऊन परतली. त्यामुळे ‘मी ते दृश्य पाहिले होते’ आणि ‘असे दृश्य नव्हतेच’ म्हणणारे दोघेही खरे असू शकतात. कोणत्या साली पाहिले, हे विचारल्याशिवाय त्यात निवाडा देऊ नका.

उन्हाविषयी दोन शब्द लिहितो, कारण खानदेशातल्या मुलाच्या आठवणीत ऊन वगळता येत नाही आणि तुमच्या ४० व्हिडिओंच्या शीर्षकांत ते एकदाही आलेले नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की दुपारी बारा ते पाच मुलांना घराबाहेर पडू देत नसत. कार्टून पाहण्याची मुभा मिळायची ती या उन्हामुळे. दारे लोटलेली, खिडकीला ओले गोणपाट, कूलरच्या वाळ्याचा वास, आणि कूलरच्या घरघरीवर मात करायला टीव्हीचा वाढवलेला आवाज. आजी झोपमोड झाली म्हणून ओरडायची, ‘बंद कर तो डबा, डोया फुटी जातीन!’ हे तुमच्याकडे आहे. पुण्या-मुंबईत बसून कार्टूनवर व्हिडिओ करणाऱ्या कुणाकडेही हे नाही. तुम्ही पार्श्वभूमीला जे उदास पियानोचे तयार संगीत लावता, ते काढून टाका आणि त्या जागी कूलर लावा. खरा कूलर, घरातला, चालू करून रेकॉर्ड केलेला. लाइट आल्यावर पंखा पहिली गिरकी घेताना करतो तो आवाज, ट्यूबलाइटचा स्टार्टर, गल्लीतल्या पोरांची एकच आरोळी ‘लाइट उनी रे!’ हे आवाज गोळा करायला मला तीन उन्हाळे लागले आणि आजही माझ्या कामात तेच सर्वांत मोलाचे आहेत.

पहिल्या ३० सेकंदांचा तुमचा प्रश्नही इथेच सुटतो. तुम्ही ‘नमस्कार मित्रांनो’ म्हणून स्वागत करता, मग चॅनलला साथ द्यायला सांगता, मग आज कोणत्या पाच मालिका पाहणार ते सांगता. त्याऐवजी अडथळ्यापासून सुरुवात करा. पडदा काळा, दोन सेकंद शांतता, मग ती आरोळी आणि पळणाऱ्या चपलांचा आवाज. आपल्या भागातला तुमच्या वयाचा माणूस तिथून उठणार नाही. आठ मिनिटांपेक्षा मोठ्या व्हिडिओत मध्ये जाहिराती लावता येतात म्हणून तुम्ही व्हिडिओ ताणता, हे मला स्पष्ट दिसले. ते सोडून द्या. पाच मिनिटांची गोष्ट पाच मिनिटांतच सांगावी.

कॉपीराइटविषयी. तुमच्यावर आले ते कंटेंट आयडीचे, म्हणजे यूट्यूबच्या आपोआप चालणाऱ्या तपासणीतून आलेले, दावे आहेत, स्ट्राइक नव्हेत. दाव्यात बहुधा त्या व्हिडिओचे उत्पन्न हक्कधारकाकडे जाते किंवा व्हिडिओ दिसणे बंद होते. स्ट्राइक मात्र चॅनलवर बसतो आणि ९० दिवसांत तीन बसले तर चॅनल बंद होऊ शकते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये समीक्षा आणि परीक्षणासाठी दुसऱ्याच्या कृतीतला भाग रास्त प्रमाणात वापरण्याची मुभा आहे, पण ‘सात सेकंदांपर्यंत चालते’ असा कोणताही आकडा कायद्यात नाही. तो आकडा लोक एकमेकांना सांगत आले आहेत, एवढेच. दृश्य उलटे करणे, आवाजाची पट्टी बदलणे, चित्राभोवती चौकट टाकणे हे उपाय करू नका. ते अनेकदा पकडले जातात, आणि पकडले गेले नाहीत तरी चित्राची रया जाते. एखाद्या दृश्यावर तुम्हाला खरोखर काही म्हणायचे असेल, तर तेवढेच दृश्य घ्या आणि त्यावर बोला. नुसती आठवण जागवण्यासाठी दृश्य लावत असाल तर त्याची गरज नाही, हे खिडकीच्या उदाहरणावरून तुमच्या लक्षात आलेच असेल. चॅनलवर तुमचे पोट अवलंबून असेल, तर एकदा वकिलाचा सल्ला घ्यावा, हेही सांगून ठेवतो.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती तुमचे नुकसान करते आहे. तुमच्या दोन व्हिडिओंवर प्रतिक्रिया बंद दिसल्या. जानेवारी २०२० पासून यूट्यूबवर प्रत्येक व्हिडिओ ‘मुलांसाठी बनवलेला’ आहे की नाही ते सांगावे लागते. तसे नोंदले गेले की प्रतिक्रिया बंद होतात आणि प्रेक्षकाच्या आवडीनुसार येणाऱ्या जाहिरातीही थांबतात. कार्टूनची पात्रे, भडक रंग आणि बालसुलभ शीर्षक असले की यंत्रणा स्वतःहूनही तसे ठरवू शकते. तुमचा प्रेक्षक पंचवीस-तिशीतला आहे. तेव्हा नोंद तपासा, थंबनेलवर पात्राऐवजी माणूस किंवा वस्तू ठेवा आणि बोलण्यातही प्रौढांना उद्देशून बोला. आठवणींच्या व्हिडिओत प्रतिक्रिया बंद असणे म्हणजे अर्धा व्हिडिओ गेल्यासारखेच आहे, कारण उरलेल्या आठवणी तिथे लिहिल्या जातात.

भाषेचा निर्णय मी असा घेतला आहे. आपण घरी अहिराणी बोललो, शाळेत मराठी शिकलो आणि कार्टून हिंदीत पाहिले. तिन्ही भाषा आठवणीत आपापल्या जागी आहेत, त्यांना तिथेच राहू द्यावे. निवेदन मराठीत ठेवावे, घरातली माणसे जे बोलली ते अहिराणीत यावे आणि पडद्यावरचे हिंदीत. पूर्ण व्हिडिओ अहिराणीत करायलाही हरकत नाही, तिचा प्रेक्षक मोठा आहे आणि तो प्रेमाने पाहतो. फक्त रावेर-यावलकडचे लेवा गणबोली बोलणारे लोक ‘आमचे कुठे आहे’ असे विचारतील, याची तयारी ठेवा. एक मात्र करू नका: आजीच्या तोंडी पुस्तकी मराठी घालू नका. तुमच्या एका व्हिडिओत आजी म्हणते, ‘बाळा, दूरचित्रवाणी बंद कर.’ असे शिरपूर तालुक्यात कोणतीही आजी बोललेली नाही.

गतीविषयीही सांगायला हवे. तुम्ही दर दोन सेकंदांना दृश्य बदलता. पण ज्या मालिकांवर तुम्ही बोलता त्यांचा स्वभाव याच्या उलट होता. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) जातात. जपानी टीव्ही मालिकांत खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी एकच चित्र तीन-तीन चौकटींना वापरण्याची रीत रुळली, म्हणजे सेकंदाला आठच चित्रे; १९६३ मध्ये ओसामु तेझुका यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ दर आठवड्याला टीव्हीवर येऊ लागली तेव्हापासून अशा काटकसरीचा पाया पक्का झाला. त्यामुळे या मालिकांत चेहरा स्थिर राहतो आणि फक्त ओठ हलतात, आकाश दाखवून कॅमेरा हळूच सरकतो, लढाईच्या ऐन क्षणी चित्र गोठते. मुलाला त्या स्थिर चित्राकडे पोटभर पाहायला मिळायचे. मला वाटते, ही चित्रे तीस वर्षांनीही तशीच आठवतात याचे एक कारण ही स्थिरता असावी. म्हणून एखाद्या वस्तूवर कॅमेरा दहा-पंधरा सेकंद थांबू द्या. आणि मालिकेतले दृश्य लावण्यापेक्षा स्वतः आठवेल तसे चित्र काढा. माझ्या एका व्हिडिओत पुतणीने वहीच्या पानावर निळ्या शाईच्या पेनाने आठ चित्रे काढली, मी ती मोबाइलने टिपून एका सेकंदात बसवली. हात थरथरल्यासारखा दिसतो, रेषा हलते, पण ते चित्र आमचे आहे.

आता शेवटचे, आणि हे मी तुमच्याच व्हिडिओत पाहिले. तुमच्या तेविसाव्या व्हिडिओत, जिथे तुम्ही आठ मालिकांची यादी दिली आहे, सहाव्या मिनिटाला तुम्ही चार सेकंद एक बेब्लेडचा, म्हणजे प्लास्टिकचा लढाऊ भवरा फिरवण्याचा, लाँचर हातात धरला आहे. ‘हा सारंगखेड्याच्या यात्रेत घेतला होता, पट्टी भावाने मोडली’, एवढे बोलून तुम्ही पुढच्या मालिकेवर गेलात. मी तिथे व्हिडिओ थांबवला. लाल प्लास्टिकचा लाँचर, आत अडकून राहिलेला दातेरी पट्टीचा अर्धा तुकडा, मधले दात झिजून गुळगुळीत झालेले आणि टोकाकडचे मात्र अजून धारदार. त्या पट्टीने किती वेळा झटका मारला गेला, हे त्या दातांवर लिहिलेले आहे.

पुढचा व्हिडिओ या एका वस्तूवर करा. यादी नको, सात इतर मालिका नकोत. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत जा, घोड्यांचा बाजार ओलांडून खेळण्यांच्या दुकानांपाशी उभे राहा आणि तो लाँचर तिथे हातात धरून दाखवा. घरी कशात खेळायचात ते आठवा: भवरे झुंजवायचा खरा स्टेडियम (खोलगट थाळा) आपल्याकडे कुणाकडेच नव्हता, आमच्याकडची मुले बांधकामाचे घमेले उचलून आणायची आणि लोखंडावर बेब्लेड फिरताना जो कर्कश आवाज यायचा त्यावर मोठी माणसे चिडायची. तोच आवाज रेकॉर्ड करा. बेब्लेडच्या शेजारी दोरीचा लाकडी भवरा ठेवा. जपानच्या ताकारा कंपनीने १९९९ मध्ये हे खेळणे आणले ते तिथल्या ‘बेईगोमा’ या जुन्या भवऱ्यावरून आणि मालिका त्यानंतर, २००१ मध्ये आली, ही माहिती त्या दोन भवऱ्यांच्या शॉटवर सांगा. तिथे ती कामाची आहे, कारण दोरीचा भवरा आपल्याकडे असताना आईवडिलांनी प्लास्टिकच्या भवऱ्याला पैसे का द्यावेत, हा वाद तेव्हा प्रत्येक घरात झाला होता.

आणि भावाला गाठा. तो सध्या सुरतेला असतो असे तुम्ही त्याच व्हिडिओत म्हणालात. सुटीला येईल तेव्हा त्याला बसवा. रेकॉर्डिंग चालू आहे एवढे त्याला सांगा, विषय सांगू नका, प्रश्नही लिहून नेऊ नका. पट्टी त्याने मोडली अशी तुमची आठवण आहे. त्याची काय आहे ते तुम्हाला अजून माहीत नाही. लाँचर त्याच्या हातात द्या आणि त्याने बोलायला सुरुवात करेपर्यंत कॅमेरा हलवू नका.